कन्सल्टंटनी एकमेकींसाठी पार्टी ठेवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे काम मी गेली ९ वर्षं करतेय, स्वयंपाकघरातल्या वस्तूंची कन्सल्टंट म्हणून, आणि नवीन मुली टीममध्ये आल्या की पहिल्या महिन्यातच हे प्रश्न येतात, कधी फोनवर, कधी रात्री अकराला मेसेज करून. प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून ठेवावं असं ठरवलं. एक आधीच सांगते म्हणजे वाचताना गोंधळ नको: पार्टी म्हणजे ओळखीच्या बायकांना घरी जमवून कंपनीचा माल दाखवणं आणि विकणं; जिच्या घरी पार्टी असते ती होस्टेस, जी माल दाखवते आणि ऑर्डर घेते ती कन्सल्टंट. इथे दोघीही कन्सल्टंटच असतात, फक्त एका दिवशी एक होस्टेस होते आणि दुसऱ्या दिवशी दुसरी.

म्हणजे नक्की करायचं काय असतं?

समजा मी भांडी विकते आणि तुम्ही स्किनकेअर. मी माझ्या घरी माझ्या ओळखीच्या बायकांना बोलावते आणि तुम्ही येऊन तुमचा माल दाखवता, विक्री तुमची, कमिशन तुमचं, होस्टेसला तुमच्या कंपनीकडून जे काही मिळत असेल ते माझं. मग पंधरा-वीस दिवसांनी तुम्ही तुमच्या घरी तुमच्या मैत्रिणींना बोलावता आणि मी येते. झालं. कोणी याला एक्स्चेंज पार्टी म्हणतं, कोणी स्वॅप म्हणतं, आमच्याकडे नुसतं अदलाबदल म्हणतात.

याचा उपयोग काय? माझ्या पार्टीला मी माझीच माणसं बोलावू शकते की

बोलावू शकता, पण किती वेळा? पहिल्या तीन-चार महिन्यांत आपली बहीण, नणंद, शेजारीण, जुन्या ऑफिसातल्या दोघी अशा सगळ्यांच्या घरी पार्टी होऊन जाते आणि मग वही उघडली की एकही नवीन नाव दिसत नाही, प्रत्येक कन्सल्टंट या भिंतीला कधी ना कधी धडकतेच. दुसऱ्या कन्सल्टंटच्या घरी पार्टी झाली की तिथे जी माणसं बसलेली असतात ती तुमच्या वहीत कधीच नव्हती. अदलाबदलीची खरी कमाई म्हणजे ती अनोळखी माणसं. त्या दिवसाची विक्री त्याच्या नंतर येते. पुढचं जे काही मी सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

दुसरा फायदा असा की कन्सल्टंट ही होस्टेस म्हणून समजूतदार असते, निदान असायला हवी. तिला माहीत असतं की आदल्या दिवशी आठवण केली नाही तर निम्म्या जणी येत नाहीत, ऑर्डर दुसऱ्या दिवशी पाठवते म्हणणारी पाठवत नाही, ऐनवेळी पार्टी रद्द झाली की समोरचीचा अख्खा दिवस जातो.

ही होम पार्टीची पद्धत आली कुठून?

थोडं माहीत असलेलं बरं, कारण आपण काय करतोय ते त्यातून कळतं. अमेरिकेत १९३१ मध्ये सुरू झालेल्या स्टॅनली होम प्रॉडक्ट्सच्या विक्रेत्यांनी एकेक दार वाजवत फिरण्यापेक्षा एका घरात दहाजणी जमवून माल दाखवायची पद्धत रुळवली, आणि जिच्या घरात जमायचं तिला भेटवस्तू द्यायची. ब्राउनी वाइज आणि पुढे १९६३ मध्ये स्वतःची कंपनी काढणाऱ्या मेरी के ॲश या दोघींनीही स्टॅनलीचा माल विकलेला आहे. वाइजबाईंनी मग अर्ल टपर यांचे प्लास्टिकचे डबे पार्टीत दाखवायला घेतले. ते डबे दुकानात पडून राहायचे कारण झाकण दाबून आतली हवा कशी काढायची ते शेल्फवर बघून कोणाला कळायचंच नाही, हातात घेऊन दाखवलं की लगेच कळायचं. १९५१ मध्ये टपर यांच्या कंपनीनं, म्हणजे टपरवेअरनं, दुकानातली विक्री बंद केली, सगळं पार्टीवर आणलं आणि ते काम वाइजबाईंकडे दिलं. १९५४ मध्ये वाइजबाई बिझनेस वीकच्या मुखपृष्ठावर आल्या, त्या मासिकाच्या मुखपृष्ठावर येणारी पहिली स्त्री. १९५८ मध्ये त्याच कंपनीनं त्यांना काढून टाकलं, हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं.

सांगायचा मुद्दा असा की पार्टी चालली ती दोन गोष्टींवर: दाखवल्याशिवाय न कळणारी वस्तू, आणि होस्टेसच्या शब्दावर येणारी माणसं. अदलाबदल करताना यातली दुसरी गोष्ट आपण एकमेकींना उसनी देतो. विश्वास उसना देतो म्हणा ना.

पार्टनर कशी निवडू?

माल वेगळा पाहिजे, हे पहिलं. तुम्ही दागिने आणि तीही दागिने असं असेल तर दोघींचं नुकसान. पण किंमत मात्र साधारण एका पातळीवरची असू द्या, कारण तुमची वस्तू स्वस्तातली आणि तिची दहापट महाग असेल तर तिच्या गेस्ट तुमच्याकडून सहज घेतील आणि तुमच्या गेस्ट तिच्या कॅटलॉगची पानं उलटून परत ठेवतील, आणि मग ती म्हणणार की मी तुला एवढं दिलं, तू मला काय दिलंस.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती काम कसं करते ते आधी बघा. तिच्या एखाद्या पार्टीला साधी गेस्ट म्हणून जा. वेळेवर येते का, गेस्टना दडपते का, "आजच घे, उद्या ऑफर नाही" असं करते का, ऑर्डरचा माल वेळेत पोचवते का. तुम्ही तिला तुमच्या माणसांसमोर उभं करणार आहात, तिनं काही घोळ घातला तर लोक तिला विसरतील पण तुमचं नाव लक्षात ठेवतील. मी एकदा घाईत हो म्हणून बसले होते, त्या बाईंनी माझ्या चार गेस्टचे पैसे घेतले आणि माल यायला दोन महिने लागले. कारण काहीही असेल, फोन मात्र रोज मला येत होते, आणि त्यातल्या एका काकूंनी नंतर माझ्याकडूनही कधी काही घेतलं नाही.

एकाच कंपनीतल्या दोघींनी केलं तर चालतं का?

माझं मत विचाराल तर नको. दोघींना एकाच प्रकारचा ग्राहक हवाय, माल तोच, मग पार्टीनंतर तो ग्राहक कोणाचा यावरून कुरबुर ठरलेलीच. टीम वेगळ्या असतील तर अपलाइनचे, म्हणजे जिनं आपल्याला कंपनीत आणलं त्या वरच्या कन्सल्टंटचे, फोन सुरू होतात ते वेगळंच.

डेमोची तालीम म्हणून मात्र जरूर एकमेकींकडे बसा. मी नवीन मुलींना हे करायलाच लावते. एकीनं गेस्ट व्हायचं, मुद्दाम अवघड प्रश्न विचारायचे, "महाग आहे", "नवऱ्याला विचारून सांगते", "असलाच एक घरी पडलाय" हे सगळं म्हणायचं. फक्त त्याला पार्टी म्हणू नका आणि ऑर्डर लिहू नका.

कंपनीची परवानगी लागते का?

तुमचं ॲग्रीमेंट काढून वाचा, सही करताना वाचलेलं नसतंच, आता वाचा. तीन गोष्टी शोधा. दुसऱ्या कंपनीच्या मालासोबत एकाच कार्यक्रमात आपला माल मांडता येतो की नाही, आपल्या टीममधल्या लोकांना दुसऱ्या कंपनीचा धंदा सुचवण्यावर बंदी आहे की नाही (ही बहुतेक ठिकाणी असते आणि कडक असते), आणि होस्टेसचे फायदे दुसऱ्या कंपनीच्या कन्सल्टंटला घेता येतात की नाही. नुसतं घरी माणसं बोलावून दुसरीला डेमो देऊ देणं याला सहसा कोणी हरकत घेत नाही, पण नियम कंपनीगणिक वेगळे असतात त्यामुळे "माझ्या मैत्रिणीच्या कंपनीत चालतं" हा आधार धरू नका. शंका असेल तर ईमेल करून लेखी उत्तर घ्या. अपलाइननं फोनवर "काही होत नाही गं" म्हणणं म्हणजे परवानगी मिळाली असं नसतं.

माझे ग्राहक तिच्याकडे गेले तर?

ही भीती सगळ्यांना असते, मलाही होती. पण नीट विचार करा, तुमच्याकडून भांडी घेणारी बाई तिच्याकडून क्रीम घेतेय म्हणून भांडी घ्यायची बंद होत नाही. त्या महिन्यात तिचा हात थोडा आखडेल हे खरंय, म्हणून तुमच्या स्वतःच्या मोठ्या ऑफरच्या महिन्यात तिची पार्टी ठेवू नका, मागेपुढे करा.

खरी भीती वेगळी आहे. गेस्टना सारखं बोलवत राहिलं की त्या कंटाळतात. आज तुमची पार्टी, पुढच्या महिन्यात तुमच्या मैत्रिणीची, त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी एकीची, मग तुमचं नाव फोनवर दिसलं की त्या उचलत नाहीत. माझा नियम असा की एका गेस्टला वर्षातून दोनदापेक्षा जास्त दुसऱ्या कुणाच्या पार्टीचं बोलावणं द्यायचं नाही. मी वहीत प्रत्येक नावापुढे खूण करते. यात मी कधीच सूट घेत नाही.

तिच्या पार्टीला मी स्वतः काही घ्यायलाच हवं का?

नाही. आणि हे मी ठामपणे सांगते कारण सगळ्यात जास्त पैसे इथे जातात.

हिशोब करून बघा. समजा दोघींचं कमिशन २५ टक्के आहे. तुम्ही तिच्याकडून १,००० चा माल घेतला, तिनं तुमच्याकडून १,००० चा घेतला. तुम्हाला कमिशन मिळालं २५०, खिशातून गेले १,०००, म्हणजे ७५० खर्च. तिचंही तेच. दोघींचे मिळून १,५०० बाहेर गेले आणि दोघींच्या सेल्स रिपोर्टमध्ये मात्र हजार-हजारची विक्री झळकतेय. वस्तू खरंच हवी होती तर छान, घ्या की. पण "तिनं माझ्याकडून घेतलं म्हणून मी घेतलं" असं असेल तर ती विक्री नाही, तो आपलाच खर्च आहे आणि त्याला आपण विक्रीचं नाव दिलंय.

आता दुसरं चित्र. समजा तिच्या घरी ८ गेस्ट आल्या, तिनं स्वतः काहीच घेतलं नाही, ५ जणींनी मिळून ४,००० ची ऑर्डर दिली. तुमचं कमिशन १,०००, खिशातून काही नाही, आणि त्यातल्या एकीनं जरी "माझ्याकडे ठेव ना पुढच्या महिन्यात" म्हटलं तर वहीत एक बुकिंग, म्हणजे पुढच्या पार्टीची पक्की तारीख. ती एक बुकिंग मला त्या हजारापेक्षा मोलाची वाटते, कारण तिच्या घरी बसणारी माणसं पुन्हा नवीन.

आमचा दहा कन्सल्टंटचा ग्रुप आहे, सगळ्याजणी सगळ्यांच्या पार्टीला जातो, हे चांगलंच ना?

मी स्वतः असल्या ग्रुपमध्ये सात महिने होते म्हणून सांगते. सुरुवातीला फार छान वाटायचं, सगळ्या एकाच कामातल्या, एकमेकींची दुखणी कळणाऱ्या. मग एका शनिवारी अशाच एका पार्टीत मी सहज खोलीभर नजर फिरवली आणि मोजलं. ११ जणी बसलेल्या होत्या, त्यातल्या ९ कन्सल्टंट. प्रत्येकीच्या पर्समध्ये आपापला कॅटलॉग. उरलेल्या दोघी म्हणजे होस्टेसची आई आणि वहिनी. सगळ्याजणींनी थोडंथोडं घेतलं, कारण प्रत्येकीची पाळी यायची होती. घरी येऊन मी सात महिन्यांची वही काढली, विक्रीचे आकडे वर गेलेले होते आणि नवीन ग्राहकाचं एकही नाव नव्हतं. कपाटात न उघडलेले सहा डबे होते.

दहाजणी असतील आणि प्रत्येकीनं बाकी नऊजणींकडे फक्त ५००-५०० चं घेतलं तरी एका फेरीत ४,५०० जातात. तुमच्या पार्टीत त्या नऊजणी तेवढंच घेणार, म्हणजे २५ टक्क्यांनं कमिशन १,१२५. निव्वळ खर्च ३,३७५, प्रत्येकीचा. पैसा त्याच खोलीत फिरतो आणि दर फेरीला तीन चतुर्थांश खोलीबाहेर जातो.

ग्रुप मोडायचा नसेल तर नका मोडू, अनुभव सांगायला, नवीन काही शिकायला तो उपयोगी असतो. फक्त एक नियम लावा: ज्या पार्टीत कन्सल्टंट नसलेल्या किमान सहाजणी नाहीत ती पार्टी धरायचीच नाही, आणि तिथे एकमेकींकडून ऑर्डर घ्यायची नाही.

महिनाअखेरीला टार्गेटला थोडंच कमी पडतंय, मैत्रिणीला म्हटलं तू घे, पुढच्या महिन्यात मी तुझं घेते

नको गं. खरंच नको. एकदा हे केलं की दर महिन्याला करावं लागतं कारण पुढच्या महिन्याची सुरुवातच उधारीनं होते. रँक, म्हणजे कंपनीतली वरची पायरी, मिळते, ती टिकवायला पुन्हा तेच, आणि घरात माल साठत जातो.

ही गोष्ट नवीन नाहीये. १९७९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं ॲमवे या आपल्यासारख्याच थेट विक्रीच्या कंपनीच्या प्रकरणात निकाल दिला की कंपनी पिरॅमिड स्कीम (म्हणजे माल विकण्यापेक्षा नवीन माणसं भरती करण्यावर पैसे देणारी योजना) नाही, आणि त्यामागे कंपनीच्या ज्या नियमांचा विचार झाला त्यात एक असा होता की बोनस हवा असेल तर त्या महिन्यात घेतलेल्या मालापैकी किमान ७० टक्के माल विकलेला पाहिजे, दुसरा असा की दर महिन्याला १० वेगवेगळ्या किरकोळ ग्राहकांना विक्री केल्याचा पुरावा पाहिजे, आणि न विकलेला माल परत घ्यायची सोय पाहिजे. म्हणजे विक्रेत्यांच्या घरात नुसता माल साठणं हा धोका तेव्हाही ओळखलेला होता. (त्याच निकालात कंपनीला किमती ठरवून देण्याबद्दल आणि कमाईचे फुगवलेले दावे करण्याबद्दल दोषीही धरलं होतं, हेही सांगायला हवं.) दोन कन्सल्टंट एकमेकींचा माल घेऊन टार्गेट भरतात तेव्हा तो माल बाहेरच्या माणसापर्यंत पोचतच नाही. कागदावर ग्राहक दिसतो, तो ग्राहक म्हणजे तुमच्याचसारखी टार्गेटच्या काळजीत असलेली एक बाई.

टार्गेट गेलं तर जाऊ द्या. पुढच्या महिन्यात परत येतं.

मी तिची पार्टी जोरात केली, तिनं माझी कशीबशी उरकली, आता काय करू?

सगळ्यात जास्त मैत्र्या इथे तुटतात. माझी एक खूप जवळची मैत्रीण, आम्ही एकाच वर्षी काम सुरू केलेलं. मी तिच्यासाठी १२ जणी जमवल्या, तिच्या चांगल्या ऑर्डरी झाल्या. माझ्या दिवशी तिच्याकडे गेले तर दोघीजणी, त्यातली एक कामवाली मावशी जिला तिनं आयत्या वेळी बसवलं होतं, मला त्या मावशींचाच फार संकोच वाटला. मी काही बोलले नाही, घरी येऊन रडले, आणि चार महिने आम्ही नीट बोललो नाही. नंतर कळलं की तिच्या सासऱ्यांची तब्येत त्याच आठवड्यात बिघडली होती आणि मला फोन करून पुढे ढकलू असं सांगायला तिला लाज वाटली होती.

तेव्हापासून मी विक्रीची बरोबरी बघत नाही, मेहनतीची बघते. विक्री आपल्या हातात नसतेच. मेहनत असते, आणि ती आधी बोलून ठरवता येते: दोघींनी किती जणींना बोलावायचं, बोलावणं स्वतः फोन करून द्यायचं की नुसता मेसेज, आदल्या दिवशी आठवण कोण करणार, आणि चारपेक्षा कमी जणी हो म्हणत असतील तर तारीख बदलायची आणि त्याचा राग धरायचा नाही. हे शेवटचं आधी ठरलेलं असतं तर आमचे चार महिने वाया गेले नसते.

तरीही समोरचीनं काहीच केलं नाही तर एकदा सरळ विचारा, "अगं काय झालं, काही अडचण होती का?" उत्तर खरं वाटलं तर दुसरी तारीख घ्या. नाही वाटलं तर तिथेच थांबा, मैत्री ठेवा आणि पार्टीचा विषय सोडून द्या.

किती जणींना बोलवायचं?

जितक्या यायला हव्यात त्याच्या तिप्पट. आठ हव्या असतील तर पंचवीसजणींना सांगा. तिप्पट हा माझा अनुभव, तुमचा थोडा वेगळा निघेल. आणि कन्सल्टंट होस्टेस आहे म्हणून कोचिंग टाळू नका. "तिला सगळं माहितीये" असं समजून आपण काही सांगत नाही, ती पण "मला सगळं माहितीये" असं समजून यादी आदल्या रात्री करते. नवख्या होस्टेसला सांगता तेच सगळं तिलाही सांगा: यादी पंधरा दिवस आधी, बोलावणं स्वतःच्या शब्दात, आदल्या दिवशी फोन.

तिच्या पार्टीत मी माझा कॅटलॉग ठेवू का? एकाच कोपऱ्यात?

नाही. ज्या दिवशी तुम्ही होस्टेस त्या दिवशी तुम्ही फक्त होस्टेस. कॅटलॉग कपाटात, तुमचा माल स्वयंपाकघरात दिसला तर दिसू दे पण त्यावर बोलायचं नाही. गेस्टनं विचारलंच की "तुझी नवीन वस्तू आलीये ना?" तर म्हणायचं, "हो, उद्या फोन करते तुला, आज हिचं बघू." आणि डेमो चालू असताना मध्ये बोलू नका, ही सवय आपल्याला सगळ्यांनाच असते, समोरची कन्सल्टंट एखादा मुद्दा विसरली की आपली जीभ चाळवते. बसून राहा.

मग दोघींनी एकत्रच स्टॉल लावला तर? दोन्ही माल एकाच पार्टीत?

चालतं पण वेगळ्या प्रकारे चालतं. लोक येतात, बघतात, थोडंथोडं घेतात, लक्ष विभागलं जातं. डेमो करून विकायच्या वस्तूला हे मानवत नाही, हातात घेऊन निवडायच्या वस्तूला बरं पडतं. सणाच्या आधी जेव्हा लोकांना भेटवस्तूच घ्यायच्या असतात तेव्हा करा, एरवी नको. तीनपेक्षा जास्त कन्सल्टंट तर नकोच, तो बाजार होतो.

होस्टेसला जे फुकट मिळतं ते कोणाचं?

होस्टेसचं. तुम्ही मेहनत केलीत, तुमचं. काही कन्सल्टंट म्हणतात की आपण दोघीही कन्सल्टंट आहोत तर होस्टेस क्रेडिट (पार्टीच्या विक्रीवर होस्टेसला फुकट माल घ्यायला मिळणारी रक्कम) मलाच राहू दे, हे मला पटत नाही. तुम्हाला त्यांच्या मालातलं काही नको असेल तर ते क्रेडिट आलेल्या गेस्टमध्ये चिठ्ठी टाकून द्या, पण हे पार्टीच्या आधी कन्सल्टंटशी ठरवून, कारण काही कंपन्या क्रेडिट एकाच नावावर देतात.

एक लक्षात घ्या, क्रेडिट अंतिम ऑर्डरवर ठरतं. घरच्या विक्रीत घेतलेली ऑर्डर ठरावीक दिवसांत रद्द करायचा हक्क बऱ्याच देशांत ग्राहकाला असतो, अमेरिकेत तो १९७० च्या दशकापासून ३ कामकाजाच्या दिवसांचा आहे. गेस्टनं रद्द केली तर होस्टेसचं क्रेडिट खाली येतं आणि मग होस्टेसला वाटतं कन्सल्टंटनं फसवलं. ऑर्डर पक्की झाल्यावरच आकडा सांगत जा.

तिच्या गेस्टचे नंबर मला मिळतील का?

ज्या गेस्टनं स्वतः तुम्हाला नंबर दिला तिचाच. होस्टेसनं आपली फोनबुकची यादी पाठवून द्यायची नाही आणि कन्सल्टंटनं मागायची नाही. पार्टीत एक साधा कागद फिरवा, "ऑफरचे मेसेज चालतील का" आणि पुढे हो किंवा नाही. न विचारता ग्रुपमध्ये टाकलं की बाई तिथून बाहेर पडते आणि होस्टेसकडे तक्रार करते, आणि हे बरोबरच आहे तिचं.

तिच्या गेस्टला माझ्या कंपनीत यायचं असेल तर?

नाजूक विषय. तुम्ही तिथे माल दाखवायला गेलात, टीम भरायला गेला नाहीत, म्हणून स्वतःहून विषय काढू नका. गेस्टनंच विचारलं तर "आपण नंतर बोलू" म्हणा आणि घरी जायच्या आधी होस्टेसला सांगा. कदाचित ती गेस्ट गेले सहा महिने होस्टेसच्याच टीममध्ये यायचा विचार करत असेल. निर्णय त्या गेस्टचाच असतो, तो कोणी अडवू शकत नाही, पण होस्टेसला दुसरीकडून कळता कामा नये. होस्टेस स्वतः दुसऱ्या कंपनीत आहे म्हणजे तिला तुमच्या कंपनीत ओढायचा प्रयत्न तर अजिबात नको, वर ॲग्रीमेंटबद्दल लिहिलंय ते आठवा.

ऑनलाइन पार्टीत एकमेकींना मदत केली तर?

ग्रुपवरच्या पार्टीत बाकीच्या कन्सल्टंट येऊन "वा, मस्त", "मी घेतलाय, खूप छान आहे" अशा कमेंट टाकतात, ग्रुप जागता दिसावा म्हणून. वस्तू वापरलेली नसेल तर असं लिहू नका, कोणीतरी त्यावर विश्वास ठेवून पैसे खर्च करतं. वापरली असेल तर आपण दुसऱ्या कंपनीची कन्सल्टंट आहोत हेही लिहा, लोकांना ते आवडतं. बाकी नियम तेच, गेस्ट होस्टेसच्या असल्या पाहिजेत, कमेंट करणाऱ्या सगळ्या कन्सल्टंट असतील तर ती ऑनलाइन पार्टी म्हणजे पुन्हा तीच ११ जणींची खोली.

पैसे कोणी गोळा करायचे, हिशोब कसा ठेवायचा?

पैसे कन्सल्टंटनंच घ्यावेत, होस्टेसच्या हातून नको, उशीर झाला की दोघींमध्ये संशय येतो. एकमेकींकडून घेतलेल्या मालासाठी वेगळं पान ठेवा आणि तो घरखर्चात लिहा, धंद्याच्या विक्रीत मिसळू नका. कराचं काय ते तुमच्या कर सल्लागाराला विचारा, फुकट मिळालेल्या वस्तूंचंही विचारा.

"तू माझी पार्टी ठेव, मग मी तुझी ठेवीन" असं कोणी म्हटलं आणि मला नको असेल तर?

नाही म्हणा. कारणांची यादी देऊ नका, प्रत्येक कारणावर समोरचीकडे उत्तर तयार असतं, आपणच तर शिकवतो नवीन मुलींना ते. "सध्या माझ्या गेस्टना मी कुठेच बोलवत नाहीये, पण तुझा कॅटलॉग दे, कोणाला हवं असेल तर तुझा नंबर देते." एवढंच. आणि कॅटलॉग घेतलात तर खरंच कोणाला तरी दाखवा.

पार्टी झाल्यावर काय करायचं?

त्याच रात्री होस्टेसला फोन. मेसेज नाही, फोन. किती ऑर्डरी झाल्या, तिचं क्रेडिट अंदाजे किती, कोणी पुढची तारीख घेतली. तुमची होस्टेस व्हायची तारीख अजून ठरली नसेल तर त्याच फोनवर ठरवा, नंतर ठरवू म्हटलं की राहून जातं. मग वही घ्या आणि नवीन नावं लिहा, प्रत्येकीसमोर ती काय बघत थांबली होती ते, कोणाच्या ओळखीनं भेटली ते. माल आला की स्वतः नेऊन द्या, आणि देताना होस्टेसचं नाव घ्या, "हिच्यामुळे आपली ओळख झाली" असं.